नोंद कोणती, नक्कल कोणती?

संकेतस्थळे तयार करायला शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक धडा ठरलेला असतो. वापरणाऱ्याने नाव आणि पासवर्ड दिला, की त्याची नोंद डेटाबेसमधून काढावी. त्या नोंदीतले नाव, हुद्दा, शाळा, वर्ग वगैरे सगळे ‘सेशन व्हेरिएबल’मध्ये ठेवावे आणि पुढच्या प्रत्येक पानावर तेथूनच घ्यावे. चार ओळींत काम होते. उदाहरण पहिल्या झटक्यात चालते, विद्यार्थी खूश होतात आणि धडा संपतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात पीएचपी ही भाषा आल्यापासून हा धडा कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंतही पोचला आहे.

माझी तक्रार या धड्याबद्दल आहे. सेशनमध्ये माहिती कशी ठेवायची हे तो नीट सांगतो. कोणती माहिती तेथे ठेवू नये आणि का, हे मात्र सांगत नाही. वर्गातल्या उदाहरणात त्याने काही बिघडत नाही, कारण तेथे एकच विद्यार्थी एकाच संगणकावर एकच पान उघडून बसलेला असतो. खऱ्या जगात तसे नसते.

संगणक न शिकवणाऱ्या शिक्षकांचाही या विषयाशी संबंध आहे. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली, पुढे २०१८-१९ पासून ‘यूडायस प्लस’ आली आणि मुलांची माहिती संगणकावर भरणे हा शिक्षकाच्या कामाचा भाग झाला. येथे कोणा एका प्रणालीचे परीक्षण करायचे नाही. प्रश्न पद्धतीचा आहे, आणि तो अशा कोणत्याही प्रणालीला विचारता येतो.

विसराळू खिडकी

वरणगावचे उदाहरण घेऊ. तेथे आयुध निर्माणी आहे आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे तेथे राहतात. सुट्ट्या लागल्या की या कुटुंबांना गावी जाण्यासाठी रेल्वेचे आरक्षण हवे असते. बदली झाली की मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले हवे असतात. हे दोन्ही व्यवहार शेवटी एका नोंदीवर उभे असतात. एक नोंद रेल्वेच्या आरक्षणाची, दुसरी शाळेच्या जनरल रजिस्टरातली.

आता भुसावळच्या आरक्षण खिडकीवर एक विचित्र कारकून बसला आहे अशी कल्पना करा. तो कामात चोख आहे, पण प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला विसरतो. “नागपूरला जायचे आहे,” असे म्हटले की तो गाड्या सांगतो. “त्यातली दुसरी द्या,” म्हटले की विचारतो, “कशातली दुसरी? आपण कोण?”

वेबची रचना मुळात अशीच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभारले, ते प्रामुख्याने लेख आणि कागदपत्रे एकमेकांना जोडण्यासाठी. एक पान मागितले, ते मिळाले, संबंध संपला. सर्व्हरला कोणाचीच आठवण ठेवायची नसल्याने तो साधा राहतो आणि हजारो लोकांना उत्तरे देऊ शकतो. वाचनापुरता हा विसराळूपणा सोयीचाच होता. अडचण आली ती वेबवर व्यवहार सुरू झाल्यावर. तिकीट काढायचे तर चार पाने ओलांडावी लागतात, आणि चारही पानांवर माणूस तोच आहे हे सर्व्हरला कळावे लागते.

बिल्ला, कप्पा आणि खातेवही

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी यावर उपाय काढला. सर्व्हरने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक वेळी ती परत दाखवायची. हीच ‘कुकी’. पुढे सर्व्हरवरील प्रोग्रामिंगच्या साधनांत ‘सेशन’ आले. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्ये ते १९९६ मध्ये आले. पीएचपीमध्ये २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते भाषेचाच भाग झाले. (सेशनला मराठीत सत्र म्हणता येईल, पण शिक्षकांच्या मनात सत्र म्हणजे जून ते दिवाळी. म्हणून येथे सेशनच म्हणू.)

सेशन समजण्यासाठी जुन्या बँकेतला पितळी बिल्ला आठवावा. खिडकीत चेक दिला की आपल्याला क्रमांक कोरलेला बिल्ला मिळे. आत कारकुनाच्या टेबलावर त्याच क्रमांकाच्या कप्प्यात आपला कागद ठेवलेला असे. आणि आपली खरी शिल्लक लिहिलेली असे ती जाडजूड खातेवहीत. ब्राउझरकडची कुकी म्हणजे बिल्ला, सर्व्हरवरचे सेशन म्हणजे कप्पा आणि डेटाबेस म्हणजे खातेवही. कप्प्यात ठेवलेल्या प्रत्येक कागदाला जे नाव देतात, ते सेशन व्हेरिएबल.

आता समजा, कारकुनाने खातेवही सारखी उघडायचा कंटाळा केला. सकाळी एकदा आपली शिल्लक पाहून ती कागदावर लिहिली, कप्प्यात टाकली आणि दिवसभर तो कागद पाहूनच पैसे दिले. मधल्या वेळेत शेजारच्या खिडकीवरून त्याच खात्यातून पैसे निघाले तर? खातेवही बदलेल, पण कप्प्यातला कागद बदलणार नाही. अशा कारकुनाला कोणताही शाखाधिकारी खुर्चीवर ठेवणार नाही. तरीही पुस्तकांतला ठरलेला धडा प्रोग्रामरला नेमके हेच शिकवतो.

डेटाबेसमधील किंमत सेशनमध्ये ठेवली की ती नोंद राहत नाही, ती नक्कल होते. नोंद बदलल्याची बातमी नकलेला आपोआप मिळत नाही. याचे चार परिणाम पाहू.

पहिला परिणाम: अधिकार मागे राहतो

एका मुख्याध्यापकांनी सकाळी प्रणाली उघडली. ‘हुद्दा: मुख्याध्यापक’ हे सेशनमध्ये गेले. दुपारी त्यांची बदली झाली आणि डेटाबेसमधला त्यांचा हुद्दा बदलला गेला. पण प्रत्येक पान हुद्दा कप्प्यातून वाचत असेल, तर सेशन बंद होईपर्यंत त्यांना जुन्या शाळेच्या नोंदी बदलता येतील. येथे माणूस सज्जन आहे की नाही हा प्रश्नच नाही. काढून घेतलेला अधिकार त्या क्षणी संपला पाहिजे, आणि या पद्धतीत तो संपत नाही. उपाय साधा आहे. सेशनमध्ये फक्त व्यक्तीचा ओळख क्रमांक ठेवावा, आणि हुद्दा प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या वेळी डेटाबेसला विचारावा.

दुसरा परिणाम: एक जागा, दोन प्रवासी

रेल्वेचा इतिहास येथे उपयोगी पडतो. संगणक येण्यापूर्वी आरक्षण मोठ्या वह्यांमध्ये होई. स्थानकांना जागांचा कोटा वाटून दिलेला असे आणि परतीच्या आरक्षणासाठी तार पाठवावी लागे. म्हणजे एकाच गाडीची माहिती अनेक वह्यांत विखुरलेली होती. संगणकीय आरक्षणाची सुरुवात १९८५-८६ मध्ये दिल्लीत झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांच्या प्रणाली १९९९ पर्यंत एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट मिळू लागले. या सगळ्यातले महत्त्वाचे तत्त्व असे, की एका गाडीच्या जागांची मूळ नोंद एकाच ठिकाणी असते. भुसावळची खिडकी असो की वरणगावातला मोबाइल, विचारणा त्याच नोंदीकडे जाते.

तरीही आपल्याला अनुभव येतो, की पानावर ‘उपलब्ध ४’ दिसते आणि पैसे भरेपर्यंत तिकीट प्रतीक्षायादीत जाते. चिडायला होते, पण यात प्रणाली चुकलेली नसते. पानावरचा आकडा म्हणजे ते पान तयार झाले तेव्हाची बातमी. मधल्या दोन मिनिटांत चार जणांनी जागा घेतल्या. जागा द्यायची की नाही हा निर्णय तिकीट तयार होण्याच्या क्षणी, मूळ नोंदीवरून झाला.

आता ठरलेल्या धड्याप्रमाणे लिहिलेली प्रणाली पाहा. समजा, एकच जागा शिल्लक आहे. दोन प्रवाशांनी पान उघडले आणि दोघांच्या सेशनमध्ये ‘शिल्लक १’ असे गेले. दोघांनी पैसे भरले. प्रोग्रामने आपापल्या कप्प्यात पाहिले, एक आहे असे दिसले, त्यातून एक वजा केला आणि डेटाबेसमध्ये शून्य लिहिले. हिशेब जुळला, पण एका बर्थचे मालक दोन झाले. येथे चार जागांच्या गाडीपेक्षा वाईट गोष्ट घडली आहे. तेथे प्रवाशाला नकार मिळाला. येथे त्याला खोटा होकार मिळाला.

बरोबर पद्धत अशी, की डेटाबेसला एकच आज्ञा द्यायची: “शिल्लक शून्याहून अधिक असेल तरच त्यातून एक कमी कर, आणि जमले का ते सांग.” पाहणे आणि बदलणे ही कामे एकाच न तुटणाऱ्या कृतीत झाली, की दोघांपैकी एकालाच होकार मिळतो.

तिसरा परिणाम: एकाची जन्मतारीख दुसऱ्याला

शिक्षकांसाठी सर्वांत गंभीर परिणाम हाच आहे. कोणता विद्यार्थी सध्या उघडला आहे हेही अनेक प्रोग्राम सेशनमध्ये ठेवतात. शाळेतील लिपिकाने ब्राउझरच्या एका टॅबमध्ये ४१ क्रमांकाच्या विद्यार्थिनीची माहिती उघडली. कप्प्यात लिहिले गेले: ‘चालू विद्यार्थी ४१’. तेवढ्यात एक पालक दाखल्यासाठी आले, म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये ५७ क्रमांकाचा विद्यार्थी उघडला. कप्प्यातल्या ४१ च्या जागी ५७ आले. पालक गेल्यावर लिपिक पहिल्या टॅबवर परतले. पडद्यावर अजून ४१ चेच नाव दिसते आहे. त्यांनी जन्मतारीख दुरुस्त केली आणि जतन करण्याचे बटण दाबले. सर्व्हरने कप्पा पाहिला, त्यात ५७ होते, आणि मुलीची जन्मतारीख त्या मुलाच्या नोंदीत गेली. पडद्यावर संदेश आला: ‘माहिती यशस्वीरीत्या जतन झाली.’

लिपिकाची यात काही चूक नाही. त्यांनी डोळ्यांसमोरच्या मुलीचीच नोंद बदलली होती. टॅब दोन असले तरी ब्राउझर एक, म्हणून बिल्ला एक आणि कप्पाही एकच, ही गोष्ट प्रोग्रामरने ध्यानात घेतली नाही. अशी चूक कोणाला दिसत नाही आणि कोणताही इशारा देत नाही. ती उघडकीला येते ती काही वर्षांनी, परीक्षेचा अर्ज भरताना किंवा दाखला काढताना. शाळा सोडल्यानंतर जन्मतारखेत बदल करून घेणे किती जिकिरीचे असते, हे आपण जाणता. तोवर हे कोणामुळे झाले याचा माग लागत नाही, आणि बोल शेवटी शाळेला लागतो.

उपाय असा: ज्या विद्यार्थ्याचा फॉर्म, त्याचा क्रमांक त्या फॉर्ममध्येच असावा आणि बटण दाबल्यावर तो फॉर्मबरोबरच सर्व्हरकडे जावा. मात्र फॉर्ममधला क्रमांक कोणी मुद्दाम बदलून पाठवू शकतो. म्हणून सर्व्हरने दर वेळी तपासावे, की या व्यक्तीला या विद्यार्थ्याची नोंद बदलण्याचा अधिकार आहे काय.

याच्या जोडीला आणखी एक चांगली युक्ती आहे. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यायचा, आणि नोंद बदलली की तो एकाने वाढवायचा. फॉर्म उघडताना आवृत्ती ७ होती आणि जतन करताना ती ८ झालेली आढळली, तर मध्ये कोणीतरी बदल केला आहे हे कळते. अशा वेळी प्रणालीने मुकाट्याने लिहू नये. “ही नोंद आपण उघडल्यानंतर बदलली आहे, पुन्हा पाहा,” असे सांगावे. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्येच या विचाराची पद्धतशीर मांडणी केली होती. म्हणजे ही युक्ती वेबपेक्षाही जुनी आहे.

चौथा परिणाम: भरलेला फॉर्म हरवतो

कप्पे कायमचे नसतात. बदल केला नाही तर एएसपीमध्ये सेशनची मुदत २० मिनिटे असते. पीएचपीमध्ये ती १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटे धरलेली आहे. मुदत असणे योग्यच आहे. शाळेतला संगणक अनेकांच्या हाताखाली असतो आणि कोणी उघडे ठेवून गेलेले पान तासभर तसेच राहणे धोक्याचे आहे. चूक आहे ती अर्धवट भरलेली माहिती फक्त कप्प्यात ठेवण्याची. पाच पानांचा फॉर्म, मंद इंटरनेट, मध्येच वर्गावर जावे लागले किंवा वीज गेली, की परतल्यावर ‘सेशन संपले’ एवढेच दिसते आणि पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते. प्रत्येक पान पूर्ण होताच ते ‘अपूर्ण अर्ज’ म्हणून डेटाबेसमध्येच ठेवले, तर सेशन संपले तरी काम संपत नाही. पुन्हा नाव-पासवर्ड द्यावा आणि तेथून पुढे चालावे.

“पण फेऱ्या वाढतील”

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: दर पानाला डेटाबेसकडे जायचे तर वेळ लागेल, सेशनमुळे फेऱ्या वाचतात. आक्षेप खोटा नाही, पण त्याचे माप घेतले पाहिजे. डेटाबेस ओळख क्रमांकावरून नोंद शोधतो, तेव्हा सगळी पाने उलटत बसत नाही. त्याच्याकडे फांद्याफांद्यांची सूची असते. प्रत्येक टप्प्यावर २०० फांद्या आहेत असे धरू. एका टप्प्यात २००, दोन टप्प्यांत ४० हजार, तीन टप्प्यांत ८० लाख आणि चार टप्प्यांत १६० कोटी नोंदींपर्यंत पोचता येते. महाराष्ट्रातील शाळकरी मुले दोन कोटींच्या घरात आहेत. म्हणजे त्यांतले कोणतेही एक मूल चार टप्प्यांत सापडते. हे काम साधारणतः काही हजारांश सेकंदांत होते. ग्रामीण भागात पान मोबाइलवर उतरायलाच काही सेकंद लागतात. तेव्हा वाचवलेली फेरी वापरणाऱ्याला जाणवतही नाही. तिच्या बदल्यात पत्करलेला धोका मात्र खरा असतो.

नक्कल कधीच ठेवू नये असेही नाही. जळगाव जिल्ह्यातील १५ तालुक्यांची यादी दर पानाला डेटाबेसकडे मागायची गरज नाही. ती क्वचितच बदलते आणि सर्वांसाठी सारखी असते. पण म्हणूनच ती प्रत्येकाच्या कप्प्यात वेगवेगळी ठेवण्यातही अर्थ नाही. तिची एकच सामाईक नक्कल ठेवावी आणि ती केव्हा घेतली व केव्हा टाकून द्यायची हे ठरवून ठेवावे. अशी यादीही कायमची नसते. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, हे खानदेशात कोणाला सांगायला नको.

मग सेशनमध्ये ठेवायचे काय? तीन गोष्टी: वापरणाऱ्याचा ओळख क्रमांक, त्याने केव्हा प्रवेश केला ती वेळ, आणि हरवले तरी नुकसान होणार नाही असे किरकोळ काही, उदाहरणार्थ या भेटीपुरती निवडलेली भाषा. बाकी जे डेटाबेसच्या मालकीचे आहे, ते डेटाबेसलाच विचारावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे संगणकाशिवायही शिकवता येते. एका डब्यात सहा चिठ्ठ्या ठेवा. या गाडीच्या जागा. दोन विद्यार्थ्यांना खिडकीवर बसवा. पहिल्या खेळात दोघांनी सुरुवातीला डबा पाहून आपल्या कागदावर ‘६’ लिहायचे, आणि पुढे डब्याकडे न पाहता कागदावरच्या आकड्यातून तिकिटे द्यायची. प्रवासी दहा असू द्या. प्रत्येक खिडकीवर पाच जण गेले, तर दहाही जणांना तिकीट मिळेल आणि चार जण उभे राहतील. दुसऱ्या खेळात प्रत्येक तिकिटासाठी डब्यातून चिठ्ठी काढूनच द्यायची. खेळ थोडा सावकाश चालेल, पण जितक्या जागा तितकीच तिकिटे निघतील. किती सावकाश, तेही घड्याळ लावून मोजा, म्हणजे फेऱ्यांच्या आक्षेपाची चर्चा अंदाजावर चालणार नाही.

बारावीच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. तोंडी परीक्षेत सेशन सुरू करण्याची आज्ञा लिहायला सांगण्याऐवजी मुलांपुढे पाच गोष्टी ठेवा: ओळख क्रमांक, हुद्दा, गाडीतील शिल्लक जागा, निवडलेली भाषा आणि उघडलेल्या विद्यार्थ्याचा क्रमांक. यांपैकी कोणत्या गोष्टी सेशनमध्ये ठेवाल, कोणत्या ठेवणार नाही, आणि ठेवल्या तर कोणाचे नुकसान होईल, असे विचारा. आज्ञा पुस्तकात पाहून लिहिता येते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र मुलांना लिपिक, पालक आणि ४१ क्रमांकाची ती विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी लागेल.